घशाचं झाड

"गोजरा, कळ्या खुडल्यास का?"

"खुडल्या, बाई."

"कुंपणाकडच्या?"

"त्याबी खुडल्या."

सिस्टरबाईंनी खिडकी ओढून घेतली. ओच्यातले कोवळे शेंडे खताच्या खड्ड्यात टाकून मी हात झटकत होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बाहेर एक चष्मेवाले गृहस्थ उभे. खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला लांबट पत्र्याचा डबा. मला वाटलं, नवा दूधवाला.

"दूध घेतलंय आमी," मी म्हटलं.

ते हसले. "माझ्या डब्यात दूध नसतं, पालापाचोळा असतो. सिस्टर रणपिसे इथंच राहतात ना? आणि ते झाड?"

"कंचं झाड?"

"घशाचं."

मग मी फाटक उघडलं. झाडासाठी येणाऱ्या माणसाला अडवायची आमच्याकडं रीत नव्हती.

पाचगणीत सगळे त्याला घशाचं झाडच म्हणत. बंगल्याच्या पायऱ्यांच्या उजव्या हाताला ते उभं होतं, कमरेएवढं, राखी हिरव्या पानांचं. पान लांबट, वरून सुरकुतलेलं, खालून पांढऱ्या लवेचं. अंगठा फिरवला तर शेळीच्या जिभेगत खरखरीत लागायचं. दांडा तुळशीसारखा चौकोनी. सिस्टरबाई त्याला 'सेज' म्हणत. त्या पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथल्या विलायती डॉक्टरीणबाई, ग्रेटाबाई, कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी स्वतः बी पेरून वाढवलेलं सेजचं रोप सिस्टरबाईंच्या हातात दिलं होतं. पुढं नोकरी संपवून सिस्टरबाई पाचगणीला या लहानशा बंगल्यात राहायला आल्या आणि रोप पायरीपाशी लागलं. लावलं माझ्या सासऱ्यांनी. केरबा रांजणे. ते सिस्टरबाईंचे माळी.

टेबललँडवरचे घोडेवाले, शाळांच्या वसतिगृहांतली पोरं, स्टँडवर ओरडून घसा बसलेले हमाल, सगळे आमच्या पायरीवर येऊन टेकायचे. सिस्टरबाई कढत पाण्यात मीठ घालायच्या, माझ्या दारातल्या तुळशीची मूठभर पानं चुरगाळायला लावायच्या, आणि वरून या झाडाचं एक पान सोडायच्या. गुळण्या करून माणूस बोलता व्हायचा आणि जाताना झाडाला हात जोडायचा. एक घोडेवाला तर घोड्यालाही त्याच्यापुढं मान वाकवायला लावायचा.

मी त्या बंगल्यात आले ती नवरा गेल्यावर. कडेवर मुलगी होती. जावळीच्या खोऱ्यात आमचं गाव. तिथं दिरांनी मला घरात ठेवलं नाही, आणि त्यांच्या बापानं, म्हणजे मामंजींनी, माझी बाजू घेतली म्हणून बापालाही तोडलं. मामंजी मला न्यायला आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "चल पोरी." बंगल्याच्या कोपऱ्यात माळ्याची खोली होती, तिच्यात आम्ही तिघं राहू लागलो. मग मामंजींचे डोळे काचबिंदूनं गेले. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. बागेचं काम माझ्याकडं आलं. सिस्टरबाईंनी एका शब्दानं विचारलं नाही, की ही नवखी बाई काय करणार. पण मला धास्ती असे. ती खोली गेली तर जगात दुसरं छप्पर नव्हतं. त्या धास्तीनं मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

कळ्या खुडायचं काम मला दोघांनीही सांगून ठेवलं होतं. मामंजी म्हणाले होते, "बाई उठायच्या आत खुडत जा. हिरवं तोडल्यालं त्यास्नी बघवत न्हाई." सिस्टरबाई म्हणाल्या होत्या, "कळ्या काढल्या की पानं भरतात. पण केरबांसमोर नको. नाहीतर ते स्वतःच वाकून बसतील." मी दोघांचंही ऐकायची. एकमेकांना जपतात, एवढंच मला वाटे.

पाहुण्यांचं नाव कारखानीस. साताऱ्याच्या कॉलेजात झाडापानांचा विषय शिकवायचे. ग्रेटाबाईंच्या सेजची गोष्ट ऐकून आले होते. वऱ्हांड्यात खुर्ची दिली तरी ते बसेनात. झाडाभोवती फिरले, पान उलटं करून बघितलं, चुरून नाकाशी नेलं, पुन्हा नेलं.

"सिस्टर, विश्वास बसत नाही," ते म्हणाले. "सेज म्हणजे कोरड्या दगडी डोंगरातलं झाड. पायाशी पाणी साचलं की कुजतं. आणि इथं पाचगणीचा पाऊस! किती पावसाळे काढले यानं?"

"पुष्कळ. चहा घ्या."

"पण राखलं कुणी?"

"आमच्या केरबांनी," सिस्टरबाई म्हणाल्या.

कपबशी धरलेली मी तिथंच उभी होते. माझी मान आपोआप ताठ झाली.

"मग ऐका," कारखानीस सर खुर्चीच्या कडेला टेकले. "पुण्याचा एक औषधांचा कारखाना याचा पाला घ्यायला तयार आहे. भिलारकडचे काही शेतकरी लावायलाही तयार आहेत. पण झाड इथल्या पावसात टिकेल, असं छातीवर हात ठेवून कुणी सांगेना. आता साक्षीदारच उभा आहे समोर. मला याच्या फांद्या द्या. रोपं करतो आणि घरोघर वाटतो."

"नाही," सिस्टरबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे, आत्ता नाही?"

"फांद्या देणार नाही."

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. अंगातला स्वेटर काढून देणारी बाई. पपईची रोपं, गुलाबाच्या काड्या, मधाची बाटली, मागेल त्याला देणारी. आणि या झाडाची काटकी नाही?

सरही गोंधळले. "बरं, निदान फुलावर आलेली एखादी फांदी तरी बघू द्या. या कुळातली झाडं भाऊबंदांसारखी असतात, पानावरून माणूस फसतो. फूल दिसलं की वाद मिटतो."

"याला फूल येत नाही."

सकाळी टाकलेले शेंडे खड्ड्यात अजून वरच पडले होते.

फाटकापर्यंत सरांना सोडायला मी गेले. ते हळूच म्हणाले, "बाई, कळ्या येतात ना याला?"

मी फाटकाची कडी काढायला वळले.

"खड्ड्यात बघितल्या मी. अहो, घाबरू नका. छाटणं हे माळ्याचं कामच. पण एक फांदी राखा. कुंपणाकडची, नजरेआडची. माणसाची ओळख पटवायची तर तोंडावरचा पदर बाजूला करावा लागतो की नाही?"

"बाईंना आवडायचं न्हाई ते."

"झाड खरंच ते असेल ना, तर तुमच्या सासऱ्यांनी जे केलं ते आजवर या डोंगरावर कुणाला जमलेलं नाही. मी पेपरात लिहीन. नावानिशी. केरबा रांजणे."

मला तेव्हा अक्षर ओळखीचं नव्हतं. पेपर म्हणजे भाकरी बांधायचा कागद. तरीही मामंजींचं नाव त्यात छापलेलं मला लख्ख दिसलं. तो कागद मी गावाकडं पाठवला आणि दिरांना कुणीतरी तो पारावर वाचून दाखवला, हेही दिसलं.

खोलीच्या दारात मामंजी तंबाखू मळत बसले होते.

"कोण हुतं गं?"

"साताऱ्याचं मास्तर. झाड बघाया आलतं. बाईंनी तुमचं नाव घेतलं, मामंजी."

"माझं? कशापायी?"

"झाड राखलं म्हणून. मास्तर म्हनलं, असलं झाड हितं कुनालाच जमलं न्हाई."

त्यांची बोटं थांबली. तंबाखू तळहातावर तशीच राहिली. "परत येनार हाय का त्यो?"

"यील."

"आला तर झाडाला हात लावू द्यायचा न्हाई. कळ्या खुडतीस न्हवं?"

"रोज."

"एक बी ठिवू नगंस. आयकलंस?"

त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, म्हातारपण. आपल्या झाडाला परका माणूस हात लावतो हे सोसत नसेल.

मी एक फांदी ठेवली.

कुंपणाच्या अंगाला, भिंतीच्या सावलीत ती होती. तिच्यावर मी गोणपाट टाकून ठेवायची आणि सगळे आपापल्या कामात असले की उचलून बघायची. आधी बाजरीच्या लहान कणसासारखं काही तरी ताठ वर आलं. मग ते लांबत गेलं, जड होऊन वाकलं. कळ्यांवर जांभळी लव धरली. लग्नातल्या शालूलाही तसा रंग मी कधी बघितला नव्हता. मधमाश्यांना गोणपाटाखालूनही पत्ता लागला. त्यांची गुणगुण कुणाला ऐकू जाईल म्हणून मी तिथं बादली आपटून काम करायची.

दिवाळी झाली. हवेत गारठा आला. आणि एके सकाळी सरांचा पत्र्याचा डबा फाटकाशी वाजला.

"दूध आणलंय," ते म्हणाले.

मी हसत त्यांना सरळ कुंपणाकडं घेऊन गेले आणि गोणपाट ओढलं. उन्हात ती फांदी जांभळ्या मखमलीनं भरून गेली होती. प्रत्येक मखमली टोपीतून पांढरं इवलंसं फूल बाहेर डोकावत होतं.

सर वाकले. खिशातून भिंग काढलं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मी वाट बघत होते, की आता ते मामंजींचं नाव विचारतील. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

बोलण्याचा आवाज ऐकून सिस्टरबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी फूल बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्या रागावल्या नाहीत. "अगं गोजरा," एवढंच म्हणाल्या आणि पहिली नजर खोलीकडं टाकली. तिकडून मामंजी भिंत चाचपत येतच होते.

"सर, आत चला. आत बसून बोलू," सिस्टरबाई घाईनं म्हणाल्या.

पण सरांना काही कळलं नाही. "सिस्टर, वाईट वाटतं सांगायला. झाड सेजच्याच कुळातलं आहे, पण औषधी सेज नव्हे. हे शोभेचं. मेक्सिकोकडून बागांसाठी आणलेलं. खऱ्या सेजच्या फुलाला असं मखमली पांघरूण नसतं. कणीसही असं लांब वाकत नाही. मला त्या दिवशी वासावरूनच शंका आली होती. खऱ्या पानाला कापूर आणि ओव्यासारखा दर्प येतो, हात धुतला तरी जात नाही. ग्रेटाबाईंनी दिलेलं झाड हे असणं शक्य नाही."

झाडाला हात लावणारी मी. कळ्या राखणारी मी. आता बाई म्हणणार, माझं झाड काय केलंस? विकलंस? मुलगी पायरीवर बसून पारिजातकाची फुलं वेचत होती. तिला उचलून मी कुठं जाणार होते?

"बाई," मी म्हटलं, "पोरीची आण. मी आले तवापासून ह्येच झाड हाय हितं."

"मला माहीत आहे."

"ती न्हवं, बाई." मामंजींचा हात भिंतीवरून सुटला. "मी."

त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं आणि चाचपत पायरीवर ठेवलं.

"ज्या साली आखाड-सरावनात उघडीप म्हनून पडली न्हाई, त्या साली मेलं तुमचं झाड. उकरून बघितलं तर मुळं काळी. हातात आली. ग्रेटाबाईचं झाड! तुमी मला म्हनला हुता, केरबा, ह्येला माझ्या बहिनीगत सांभाळा. त्याच्या आदी ज्या बंगल्यावर हुतो, तितं एक गुलाब मेला, तर सायबानं माझी वळकटी भर पावसात रस्त्यावर टाकली हुती. मला तुमच्याम्होरं तोंडच उघडंना. वरल्या अंगाच्या बंगल्यात छाटनीचा ढीग पडला हुता. पानाला पान मिळंल अशी काटकी त्यातनं आनली आन् लावली, झाड बुडातनं छाटलंय म्हनून तुमास्नी सांगितलं. फूल आलं तर तुमी वळखाल, म्हनून रोज कळ्या खुडल्या. डोळं गेलं तवा सुनंला सांगितलं. तिला बिचारीला कायबी ठावं न्हाई." त्यांनी श्वास घेतला. "आजच्या आज खोली मोकळी करतो. पोरीला तेवढं ठिवा. ती इमानी हाय."

"आधी मुंडासं उचला," सिस्टरबाई म्हणाल्या. "पायरी ओली आहे."

मामंजी हलले नाहीत. तेव्हा बाईंनीच ते उचललं, झटकलं आणि त्या पायरीवर बसल्या. त्यांनी मामंजींचा हात धरून त्यांनाही शेजारी बसवलं. मी त्या दोघांना असं शेजारी बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"केरबा, त्या श्रावणात तुम्हाला न्यूमोनिया झाला होता. आठवतंय?"

"व्हय. तुमी सुया टोचल्या. तुमी हुता म्हनून जगलो."

"अंगावरचं इरलं त्या काटकीवर पांघरून तुम्ही स्वतः पावसात बसत होतात, म्हणून झाला. मला तेव्हा वाटलं होतं, माळ्याचं खूळ. मग तुम्हाला ताप चढला. मी उशाशी बसले होते. तापात तुम्ही काय बोललात, आठवतंय?"

मामंजींनी नाही म्हणून मान हलवली.

"सगळं बोललात. गुलाब बोललात, वळकटी बोललात. काळी मुळं, छाटणीचा ढीग, सगळं. 'बाईला सांगू नका' असं मलाच विनवत होतात."

मामंजींचं तोंड उघडं राहिलं. "म्हंजी... तवापासनं तुमास्नी..."

"तेव्हापासून."

"आन् बोलला न्हाई?"

"कशी बोलू? मी नर्स आहे, केरबा. तापात माणूस जे बोलतो ते त्याचं बोलणं नसतं. शुद्धीवर आल्यावर ते त्याला ऐकवायचं नाही, दुसऱ्या कुणाला तर नाहीच नाही. आम्हाला पांढरे कपडे अंगावर चढायच्या आधी हे शिकवतात. मी वाट बघितली, की हा माणूस शुद्धीत कधीतरी सांगेल. तुम्ही काही सांगेनात. मग माझ्या हातात एवढंच राहिलं, की फूल येऊ द्यायचं नाही. फूल आलं असतं तर असाच एखादा माहीतगार पाहुणा तुमच्यासमोर बोलून गेला असता." त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "म्हणून मीही खुडत होते. तुम्ही दुपारी जेवायला गेलात की. तुमच्या हातून राहिलेल्या असायच्या त्या."

मामंजींच्या छातीत काहीतरी हललं. मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते.

"आन् मी म्हनायचो, ह्या झाडाला कळ्याच कशा कमी येत्यात!"

सिस्टरबाईही हसल्या. डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा हसल्या. मुलगी फुलं टाकून त्यांच्याकडं बघायला लागली.

"बाई," मी धीर करून विचारलं, "आन् गुळण्या? लोकास्नी बरं वाटायचं ते?"

"मीठ, कढत पाणी आणि तुझी तुळस. पान नुसतं वर तरंगायला. केरबांना बरं वाटावं म्हणून."

"घोडेवाल्यांना कळू देऊ नका," सर म्हणाले. "बिचारा घोडा उगाच मान वाकवतोय."

मग ते गंभीर झाले. "सिस्टर, मी फांद्या नेल्या असत्या तर शेतकऱ्यांचं हसं झालं असतं. आणि माझंही."

"म्हणून तर दिल्या नाहीत. का नाही ते सांगता येत नव्हतं. फूल येत नाही म्हटलं ते मात्र खोटं होतं. त्याची माफी मी रविवारी चर्चमध्ये मागेन. तुमची आत्ताच मागते."

"माझी कसली? मीच केरबांच्या सुनबाईंना भरीला घातलं."

"गोजराला कुणी भरीला घालत नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "तिला सासऱ्याचं नाव मोठं झालेलं बघायचं होतं. होय ना गं?"

मी मान खाली घातली. मामंजींनी माझ्या दिशेनं हात पुढं केला. माझं डोकं कुठं आहे ते त्यांना दिसत नव्हतं. मीच खाली वाकून ते हाताखाली नेलं.

पेपरात काही आलं नाही. दिरांना पारावर कुणी काही वाचून दाखवलं नाही. खोली मात्र राहिली. तिच्यात माझी मुलगी मोठी झाली, शाळेत गेली, आणि शाळेतून आणलेली अक्षरं तिनं संध्याकाळी चुलीपुढं मला दिली. सिस्टरबाई गेल्या तेव्हा त्यांच्या भाच्यानं मला बोलावून सांगितलं, की बंगल्याचं काहीही झालं तरी कोपऱ्यातली खोली गोजराबाईंची, असं मावशी ठरवून गेली आहे. आज मी हे लिहिते ते त्याच खोलीत बसून. त्या दोघांनी मला काय दिलं याची मोजदाद करायला बसले की मला खोली आठवत नाही, अक्षरंही आठवत नाहीत. मला आठवते त्या फुलानंतरच्या पावसाळ्यातली एक सकाळ.

सरांनी खऱ्या सेजचं बी कुठूनसं मागवून दिलं होतं. थंडीत आम्ही ते पेरलं. कुंड्यांत अर्धी वाळू, तळाला विटांचे तुकडे, पाणी हात राखून. पानं आली ती खरोखरच दर्पाची. नुसतं कुंडीजवळून गेलं तरी लुगड्याला वास लागायचा. जांभळ्या झाडाला आम्ही आता फुलू देत होतो. पायरीपाशी त्याच्यामुळं वाट काढता येईना. पाऊस लागला तशा सगळ्या कुंड्या वऱ्हांड्यात वळचणीला आल्या आणि त्यांची राखण मामंजींनी मागून घेतली. दिवसभर ते त्यांच्यामध्ये पोतं टाकून बसत. एकेका रोपाला हात लावून बघत, बोटं हुंगत, मातीत बोट खुपसून ओल बघत.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की फाटक दिसत नव्हतं. मी नळावर हंडा भरत होते. मामंजींनी कडेच्या कुंडीत बोट घातलं. मग दोन बोटांनी रोप धरून हलकेच ओढलं. ते अलगद वर आलं. मुळं काळी, कुजलेली.

जुनी सवय. हंडा तसाच टाकून मी धावले. "मामंजी, गप ऱ्हावा," मी कुजबुजले. "द्या हिकडं. मी बघते. बाईंना कळायच्या आत दुसरं..."

त्यांनी ते रोप माझ्या हातात दिलं नाही. चेहरा घराकडं वळवला आणि आळीभर ऐकू जाईल अशी हाळी दिली.

"सिस्टरबाई! वो सिस्टरबाई! एक मेलं वो!"

आत पातेलं ठेवल्याचा आवाज आला. "कुठलं?"

"कडंचं! पानी जास्ती झालं! माझ्याच हातनं!"

"मरू दे! बाकीच्यांना कमी घाला!"

"व्हय!"

मेलेलं रोप त्यांनी मांडीवर ठेवलं, बोटं नाकाशी नेली, मग माझ्यापुढं धरली. कुजक्या मुळांच्या वासातूनही पानांचा दर्प येत होता. ते हसत होते. इतक्या मोठ्यानं बोललेलं मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.